बातम्यांचे तास वाढले, गाव मात्र दूर गेले

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापूरकरांना दर तासाला एकच आकडा हवा होता : राजाराम बंधाऱ्यावरील पाणी किती फूट आणि किती इंच झाले? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे तेथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने, चहूकडे पाणी असताना शहराचा पाणीपुरवठाच थांबला. मुंबईतील मराठी वृत्तवाहिन्यांनी या पुराचे वार्तांकन दिवसरात्र केले आणि त्यांचे प्रतिनिधी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बोलत होते, हे मान्य केले पाहिजे. बंधाऱ्याचा आकडाही पडद्यावर अधूनमधून येत होता. परंतु आता कोणत्या गल्लीत पाणी शिरले, उद्या टँकर कोठे उभा राहणार, दूध कोणत्या रस्त्याने येणार, या प्रश्नांची उत्तरे वेंगुर्ल्यापासून गोंदियापर्यंत एकाच वेळी दिसणाऱ्या पडद्यावर मावणारी नव्हती. ती उत्तरे लोकांनी मोबाइलवर शोधली. त्यांतील खरी कोणती आणि अफवा कोणती, हे ठरविण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागले.

मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या सुरू होऊन आता दीड तपाहून अधिक काळ लोटला आहे. या काळात बातम्यांचे तास, निवेदकांची संख्या आणि पडद्यावरील हालचाल या सर्वांत प्रचंड वाढ झाली. मात्र 'प्रादेशिक' आणि 'स्थानिक' या दोन शब्दांतील अंतर या वाढीत पुसले गेले. मराठीत सांगितलेली बातमी ती स्थानिक बातमी, असे आपण गृहीत धरले. छत्तीस जिल्ह्यांच्या राज्यात हे गृहीतक टिकणारे नाही.

वरळीचा मनोरा आणि परिचित चेहरे

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे ते देशातील दुसरे केंद्र होते. डॉ. विश्वास मेहेंदळे हे या केंद्राचे पहिले वृत्तनिवेदक. पुढे स्मिता पाटील, भक्ती बर्वे, बालसाहित्यकार अनंत भावे, चारुशीला पटवर्धन, प्रदीप भिडे अशी नावे या यादीत येतात. जीन्सवरच साडी नेसून स्मिता पाटील बातम्या वाचायला बसत, हा किस्सा आजही सांगितला जातो. कृष्णधवल पडद्यावर कमरेखालचे काही दिसत नसल्याने ते खपून जात असे.

या यादीतील अनेकांचे मुख्य काम वेगळेच होते. कोणी रंगभूमीवर होते, कोणी लेखनात. ठरलेल्या दिवशी केंद्रावर यावे, वृत्तसंपादकाने सिद्ध केलेली संहिता नजरेखालून घालावी, एखादा अवघड उच्चार विचारून घ्यावा आणि कॅमेऱ्यासमोर बसावे, असा तो रिवाज होता. बातमी निवडण्यात त्यांचा वाटा नसे आणि तिच्यावर मत देण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणूनच की काय, त्यांच्यावर विश्वास होता. जून २०२२मध्ये प्रदीप भिडे यांचे आणि जानेवारी २०२३मध्ये डॉ. मेहेंदळे यांचे निधन झाले, तेव्हा लोकांनी आठवण काढली ती आवाजाची, शांत मुद्रेची आणि 'ळ' व 'ण' यांच्या नेमक्या उच्चारांची. त्यांनी दिलेली एखादी विशिष्ट बातमी मात्र फारशी कोणाला आठवली नाही.

यात स्मरणरंजनाचा धोका आहे. त्या काळातील बातमीपत्रे स्थानिक होती असे मुळीच नाही. मंत्रालय, महापालिका, उद्घाटने, मान्यवरांच्या गाठीभेटी आणि शेवटी हवामान, एवढाच त्यांचा परीघ होता. वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर यंत्रावरून येई आणि त्याचा मराठी अनुवाद वाचला जाई. 'करण्यात आले आहे', 'सांगण्यात आले' ही कर्ता हरवलेली वाक्ये तेथूनच आपल्या वृत्तभाषेत स्थिरावली. परभणीच्या प्रेक्षकाला त्या बातमीपत्रात परभणी क्वचितच दिसे. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि १९८४च्या सुमारास लहान क्षमतेच्या प्रक्षेपकांचे जाळे गावोगावी पोहोचले. हे प्रक्षेपक वरून आलेले चित्र पुढे पाठवीत. गावातील चित्र वर पाठविण्याची सोय त्यांत नव्हती. जिल्ह्याची दखल घेण्याचे काम त्या मानाने आकाशवाणीने अधिक केले. पुणे, नागपूर आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील प्रादेशिक वृत्तविभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अंशकालीन वार्ताहर ही व्यवस्था दिसायला साधी होती. परंतु तिचा पाया जिल्ह्यात होता.

हैदराबादहून आलेला महाराष्ट्र

जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाली आणि चित्र बदलले. तिची बातमीपत्रे हैदराबादजवळच्या रामोजी चित्रनगरीतून प्रसारित होत. मराठी मुले-मुली तेलुगू मुलखात राहून महाराष्ट्राच्या बातम्या देत होती, ही गोष्ट तेव्हा अनेकांना विचित्र वाटली. प्रत्यक्षात त्या बातम्यांत मुंबईचे वजन कमी झाले. या समूहाची मूळ वृत्ती 'ईनाडू' या तेलुगू दैनिकातून आली होती आणि जिल्हा पुरवण्या हे त्या दैनिकाचे बलस्थान होते. जिल्ह्यातील वार्ताहराने टिपलेले चित्र रोज राज्यभर दिसू लागले. बीडमधील चारा छावणी किंवा यवतमाळमधील कापूस खरेदी ही पडद्यावर येण्याजोगी बातमी आहे, हे या काळात पहिल्यांदा ठसले. राज्याच्या राजधानीपासून सातशे किलोमीटर दूर बसल्यामुळे राजधानीचा मोह सुटला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

त्यानंतरचा टप्पा चोवीस तासांच्या वाहिन्यांचा. २००७मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८मध्ये आयबीएन लोकमत आणि साम, २००९मध्ये टीव्ही ९. स्टार माझा २०१२मध्ये एबीपी माझा झाली आणि आयबीएन लोकमत पुढे न्यूज १८ लोकमत या नावाने ओळखली जाऊ लागली. अवघ्या तीन वर्षांत मराठी प्रेक्षकासमोर बातम्यांचे इतके पर्याय उभे राहिले की, संध्याकाळच्या बातमीपत्राची वाट पाहणे ही सवयच संपली.

याच टप्प्यावर वृत्तनिवेदकाचा 'अँकर' झाला. तो उभा राहिला, चालू लागला, प्रश्न विचारू लागला. 'आजचा सवाल'सारख्या कार्यक्रमांनी सत्ताधाऱ्यांना थेट जाब विचारण्याची सवय मराठी पडद्याला लावली आणि ती या काळाची जमेची बाजू आहे. परंतु त्याच साच्याच्या पुढील आवृत्त्यांत प्रश्न कमी आणि आवाज अधिक होत गेला. यामागील कारण आर्थिक आहे. चर्चेचा कार्यक्रम स्वस्त असतो. चार पाहुणे चार चौकटींत बसविले की एक तास भरतो. गडचिरोलीला दोन दिवस पथक पाठवायचे तर वाहन, मुक्काम, चित्रीकरण आणि संकलन एवढा खर्च होतो आणि हाती येतात दोन ते तीन मिनिटे. पुढे पाठीवरच्या पिशवीतील यंत्रातून मोबाइलच्या जाळ्यावर थेट चित्र पाठविता येऊ लागले आणि हा खर्च बराच उतरला. तरीही संध्याकाळचे तास चर्चेकडेच राहिले. त्यामुळे खर्च हे संपूर्ण उत्तर नाही.

उरलेले उत्तर मोजणीत आहे. दूरचित्रवाणीच्या जाहिरातींसाठी महाराष्ट्र आणि गोवा ही एकच बाजारपेठ मानली जाते. प्रेक्षकसंख्या मोजणारी यंत्रे निवडक घरांत बसविलेली असतात. ग्रामीण भागाचा त्यांत समावेश झाला तोच मुळी २०१५मध्ये. एवढ्या नमुन्यातून हिंगोलीत काल कोणती बातमी पाहिली गेली, हे कळणे अशक्य आहे. जे मोजले जात नाही त्यासाठी जाहिरात मिळत नाही आणि जाहिरात नसेल तर वार्ताहर मिळत नाही. या मोजणीत गैरप्रकार झाल्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबले होते. आकड्यांशिवायच्या त्या सुमारे सतरा महिन्यांत तरी जिल्ह्यांना अधिक जागा मिळेल, अशी आशा बाळगणाऱ्यांची निराशाच झाली. सवय आकड्यांच्याही पुढे गेलेली होती.

आज जिल्ह्यातून बातमी देणारा बहुतेक वेळा कायम नोकरीतला नसतो. त्याला 'स्ट्रिंगर' म्हणतात. वाहिनीचे बोधचिन्ह असलेला 'बूम' त्याच्या हाती असतो. कॅमेरा, दुचाकी आणि इंधन सामान्यतः त्याचेच. वापरल्या गेलेल्या बातमीमागे मानधन, अशी पद्धत रूढ आहे. न वापरलेल्या बातमीचे काही मिळत नाही. साहजिकच तो अशी बातमी शोधतो जी मुंबईत वापरली जाईल : बिबट्या, अपघात, नेत्याचे वादग्रस्त विधान. जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीची बैठक तो टाळतो. स्टुडिओतील अँकर त्याला विचारते, 'नेमकी काय परिस्थिती आहे, काय सांगाल?' आणि तो चाळीस सेकंदांत सांगतो. जिल्ह्याचा राज्याशी होणारा संवाद बऱ्याचदा तेवढ्यावरच आटोपतो. महाराष्ट्राबाहेर, बडोदा किंवा इंदूरला राहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हा फरक जाणवतही नसेल. त्याला मराठी वाहिनीवर मूळ मुलखाची खबर मिळते आणि स्वतःच्या शहराची बातमी तो गुजराती किंवा हिंदीत पाहतो. नांदेडच्या प्रेक्षकाला मात्र ही दुसरी सोय नाही.

केबलच्या बातम्या

स्थानिक म्हणता येईल असे वृत्तप्रसारण एका ठिकाणी खरोखर घडले होते आणि त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. नव्वदच्या दशकापासून नागपूर, नाशिक, सांगली, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांत केबलचालकांनी स्वतःची बातमीपत्रे सुरू केली. लोक त्यांना नुसते 'केबलच्या बातम्या' म्हणत. संध्याकाळी एकदा दाखवायच्या, रात्री पुन्हा आणि सकाळी आणखी एकदा. पडद्याखालून साड्यांच्या सेलची आणि शिकवणी वर्गांची पट्टी सरकत असे. मागे लावलेला पडदा सुरकुतलेला, प्रकाशयोजना जेमतेम, आवाजाला खोलीचा घुमारा. बातम्या कोणत्या? उद्या अमुक प्रभागात पाणी येणार नाही. महापालिकेच्या सभेत कोण काय बोलले. बाजार समितीतील भाव. दहावीच्या निकालात पहिले आलेले विद्यार्थी. निधनवार्ता. गणेश विसर्जनाची मिरवणूक तर सुरुवातीपासून शेवटच्या मंडळापर्यंत.

या बातम्या वाचणारी मुलगी त्याच गावातील असे. महाविद्यालयात शिकणारी, किंवा शाळेत शिकविणारी, किंवा वक्तृत्व स्पर्धांतून पुढे आलेली. तिच्या बोलण्यात गावचा हेल असे. वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी वळण पुरते लपत नसे. मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी ती भाजी मंडईत भेटत असे. 'काल आमच्या वाडीचे नाव चुकीचे घेतलेस गं ताई,' असे तिला तोंडावर सांगता येई. निवेदकाचे उत्तरदायित्व हा शब्द माध्यमांविषयीच्या परिसंवादांत वारंवार ऐकू येतो. त्याचे इतके साधे आणि परिणामकारक रूप दुसरीकडे क्वचितच असेल.

या व्यवस्थेतील उणिवाही मोठ्या होत्या. केबलचा धंदा आणि स्थानिक राजकारण यांचे नाते जवळचे होते. ज्या नेत्याच्या माणसाकडे केबल, त्या नेत्याविरुद्धची बातमी दिसत नसे. निवडणुकीच्या दिवसांत बातमी आणि जाहिरात यांतील सीमारेषा पार पुसली जाई. १९९५च्या केबल कायद्यानंतरही या स्थानिक वाहिन्यांसाठी स्वतंत्र चौकट दीर्घकाळ नव्हती. अशा वाहिन्यांचे नियमन व्हावे अशी शिफारस 'ट्राय'ने २०१४मध्ये केली खरी, पण प्रत्यक्ष मार्गदर्शक तत्त्वे यायला नोव्हेंबर २०२२ उजाडला.

तोपर्यंत बरेच काही घडून गेले होते. केबलचे डिजिटलीकरण मुंबईत २०१२च्या अखेरीस आणि पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत २०१३मध्ये सुरू झाले. शेवटचा टप्पा २०१७पर्यंत चालला. चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या, चोरटी जोडणी कमी झाली. परंतु पूर्वी गावातील केबलचालक आपल्या खोलीतून एखादी वाहिनी सहज जोडू शकत असे. आता सर्व वाहिन्या मोठ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षातून सांकेतिक स्वरूपात येऊ लागल्या आणि गावच्या बातम्या त्यांत घालायच्या तर त्या कंपनीची संमती आणि तिचे शुल्क आले. अनेक लहान बातमीपत्रे येथेच थांबली. ज्यांनी घरावर डीटीएचची तबकडी बसविली, त्यांच्यापुरता तर प्रश्नच मिटला. उपग्रहावरून उतरणाऱ्या चित्राला जिल्हा नसतो. दूरदर्शनचे जुने जमिनीवरील प्रक्षेपकही मार्च २०२२पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता बंद करण्यात आले.

गोव्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्या छोट्या राज्यात केबलवरील वृत्तवाहिन्या कोकणीबरोबर मराठीतही बातम्या देतात आणि पणजीतील अँकरला म्हापशाचा प्रेक्षक ओळखतो. राज्याचा आकारच स्थानिक बातमीला सोयीचा आहे, हे त्यामागील साधे कारण. महाराष्ट्रातील एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या गोव्याच्या कित्येक पटींनी अधिक आहे.

चेहऱ्याची किंमत

स्थानिक निवेदकावरील विश्वास ही केवढी मोठी पुंजी आहे, हे अमेरिकेत २०१८मध्ये दिसून आले. तेथे प्रत्येक मोठ्या शहराला स्वतःची वृत्तकेंद्रे आहेत आणि एकच अँकर एकाच शहरात वर्षानुवर्षे दिसतो. सिंक्लेअर या कंपनीने आपल्या मालकीच्या केंद्रांतील अँकरना एकच मजकूर वाचायला लावला. खोट्या बातम्यांपासून सावध राहा, असा त्याचा आशय होता. ती सारी चित्रे कोणीतरी एकत्र जोडली आणि वेगवेगळ्या शहरांतील डझनावारी ओळखीचे चेहरे एकाच सुरात तेच शब्द बोलत असल्याचे जगाने पाहिले. मजकुरात वावगे काय, असा युक्तिवाद कंपनीने केला असेलही. प्रेक्षकांना खटकले ते हे की, शेजाऱ्याच्या तोंडून दूरचा मालक बोलत होता.

भारतात आता चेहऱ्यावाचूनही बातमी वाचता येते. २०२३मध्ये 'आज तक'ने सना आणि ओडिशातील ओटीव्हीने लिसा ही संगणकनिर्मित निवेदिका पडद्यावर आणली. २६ मे २०२४ रोजी दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीवर क्रिश आणि भूमी हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे निवेदक अवतरले. पन्नास भाषांत आणि न थकता, वर्षाचे ३६५ दिवस ते बातम्या देऊ शकतील, असे तेव्हा सांगण्यात आले. अशा निवेदकांना सरसकट नाके मुरडण्याचे कारण नाही. एखाद्या तालुक्याचे हवामान, बाजारभाव आणि धरणातील विसर्ग रोज तीनदा त्या तालुक्यापुरता सांगायचा असेल, तर कोणतीही वाहिनी त्यासाठी माणूस नेमणार नाही. यंत्र हे काम करू शकेल. सत्तरच्या दशकातील वृत्तनिवेदकाप्रमाणे तेही समोर आलेली संहिताच वाचते आणि मत देत नाही, हा योगायोग गमतीचा आहे. मात्र संहिता लिहिण्यासाठी कोणीतरी बंधाऱ्यावर जाऊन पट्टीवरचा आकडा पाहावा लागतो, सरपंचाला प्रश्न विचारावा लागतो, आकडा दडवला जात असेल तर ते ओळखावे लागते. वाचनाचा खर्च वाचल्यावर ती रक्कम बंधाऱ्यावर जाणाऱ्या माणसाकडे वळेल की ताळेबंदात जमा होईल, यावर या तंत्राचे मोल ठरणार आहे. आजवरचा अनुभव दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो.

दरम्यान, केबलच्या बातम्या देणाऱ्यांपैकी काहींनी यूट्यूबचा मार्ग धरला आहे. गावोगावी मोबाइलवर चित्रित केलेली बातमीपत्रे दिसतात. काही मेहनतीने केलेली असतात, काहींत बातमीच्या नावाखाली धमकावणीचा धंदा चालतो आणि प्रेक्षकाला दोहोंतील भेद पडद्यावरून कळत नाही.

२०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एक दार उघडे ठेवले आहे. केबल वितरकांना आपल्या वाहिनीक्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत स्वतःच्या वाहिन्या चालविता येतात आणि त्याखेरीज प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक आशयासाठी आणखी दोन वाहिन्यांची मुभा आहे. स्थानिक बातम्या द्यायच्या तर वितरक ही नोंदणीकृत कंपनी असली पाहिजे आणि प्रसारणाचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवले पाहिजे. ही शेवटची अट जाचक वाटली तरी योग्यच आहे, कारण चुकीच्या बातमीबद्दल तक्रार करणाऱ्याच्या हाती आता पुरावा राहू शकतो. छत्तीस जिल्हे आणि प्रत्येकी दोन वाहिन्या, म्हणजे एकेका वितरकाला कागदावर बहात्तर जागा उपलब्ध आहेत. प्रत्येक वाहिनीच्या नोंदणीचे शुल्क एक हजार रुपये आहे. वार्ताहराचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते आणि ते कोणी द्यावे, याविषयी ही मार्गदर्शक तत्त्वे काही सांगत नाहीत.